पहिली फेरी घरच्या माणसाची

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, ओळी वरखाली जातील, आणि अक्षर तर दुसऱ्या दिवशी माझं मलाच लागत नाही. कोणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं. वही नातीची आहे, अर्धी कोरी राहिलेली. तिने रद्दीत टाकली होती, मी काढून ठेवली. डोमाजी मिस्त्रींविषयी दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही, म्हणून मीच लिहिते आहे.

नागपूरच्या नंदनवनात तेव्हा घरं कमी आणि बाभळी जास्त होत्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मिस्त्रींची टिनाची शेड होती. दारावर पांढऱ्या रंगाने लिहिलं होतं, "इथे फक्त ब्रेकचं काम होईल." कोणी इंजिन घेऊन आला तर ते हात जोडायचे. "गाडी चालणं दुसऱ्याचा धंदा हाय जी. मी थांबवतो." गिऱ्हाईक हसायचं, मिस्त्री हसायचे नाहीत. अंगाने बारीक, डोक्यावर केस नाहीत, आणि सदऱ्याच्या खिशात कायम वर्तमानपत्राच्या कापलेल्या पट्ट्या.

माझा नवरा तेव्हा छातीच्या दुखण्याने दवाखान्यात होता आणि घरात दोन लेकरं. मला कोणाकडे काम मागायला जायची लाज वाटायची. मिस्त्रींच्या बायकोने, पार्बताबाईने, एक दिवस माझा हात धरला आणि शेडमध्ये नेऊन उभं केलं.

"हिले काम द्या."

"बोलत नाही का वं ही?"

"बोलते. उगाच नाही बोलत."

"मंग चांगलं हाय," मिस्त्री म्हणाले. "ब्रेकही बोलत नाही. बोलला का समजायचं, बिघडला."

एवढ्यावर माझी नोकरी पक्की झाली. काम लायनिंग बसवायचं. ज्या लोखंडी शूने चाक थांबतं त्याच्यावर लायनिंगचा पट्टा असतो. तो झिजला की जुने रिव्हेट ठोकून काढायचे, शू साफ करायचा आणि नवा पट्टा रिव्हेटने पक्का करायचा. मी पहिल्या दिवशी एका टोकापासून रिव्हेट मारत गेले. मिस्त्रींनी खिशातली कागदाची पट्टी काढली आणि पट्टा न् शूच्या मध्ये सरकवली. ती आत गेली.

"पाह्य, कागद गेला. जिथं कागद जाते तिथं हवा राहते. तो ब्रेक चिरकते. मधून सुरू करायचं न् कडेकडे जायचं."

आणि सगळे रिव्हेट काढायला लावले. रागावले मात्र नाहीत. दुसऱ्यांदा कागद गेला नाही तेव्हा ती पट्टी त्यांनी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आता तूच तपासत जाय." लायनिंगची भुकटी नाकात जाऊ नये म्हणून ते मला तोंडाला ओलं फडकं बांधायला लावायचे. शेजारचा पंक्चरवाला हसायचा, "मिस्त्रीनं डाकू ठेवली कामाले." मिस्त्री त्याला म्हणायचे, "तुह्या बायकोले पाठव, तिलेही बांधून देतो."

एकदा एक धान्याचा व्यापारी गाडी घेऊन आला. त्याला एकाच चाकाचं लायनिंग बदलून हवं होतं, दुसऱ्या चाकाचं अजून वर्षभर चालेल असा त्याचा हिशेब.

"शेटजी, तुम्ही एका पायात जोडा घालून चालता का जी?"

"नाही."

"मंग गाडीले काहून चालवता?"

शेटजी गाडी घेऊन निघून गेले. आठ दिवसांनी परत आले आणि दोन्ही चाकांचं करून घेतलं. मिस्त्रींनी "मी म्हटलं होतं" असं एका शब्दानेही दाखवलं नाही. पार्बताबाईने मात्र चहा देताना विचारलंच, "दोन्ही पायात जोडे आहेत ना आज?"

मिस्त्रींचा एक नियम होता. ब्रेकचं काम झालं की पहिली फेरी ते स्वतः मारायचे, आणि शेजारच्या सीटवर घरचं माणूस बसलेलं पाहिजे. घरचं म्हणजे पार्बताबाईच, कारण मुलगा खापरखेड्याला वीजघरात कामाला होता. मालकाला ते बसू द्यायचे नाहीत. "माह्या कामाची परीक्षा लोकाइच्या लेकरावर काहून घ्यायची?" त्यामुळे पार्बताबाई आठवड्यातून दोन-तीनदा हातातली पोळी टाकून, पदर सारखा करून, कुठल्याही अनोळखी माणसाच्या गाडीत जाऊन बसायची. मला म्हणायची, "लोकाइच्या बायका सिनेमाले जातात. मी ब्रेक पाहाले जातो." पण धुतलेलं लुगडं एक खुंटीवर कायम तयार असायचं.

डॉक्टरीणबाईंची गाडी आली ती एका उन्हाळ्यात. त्या धंतोलीत राहायच्या. साठी उलटलेली, केस पांढरे, लग्न केलेलं नाही. रामटेकच्या पुढे एका खेड्यात आठवड्यातून दोन दिवस दवाखाना चालवायच्या, जाताना गाडी स्वतः हाकायच्या. गाडी त्यांच्या वडिलांची, काळी, विलायती, मोठे गोल डोळे आणि पुढे लांब नाक. खेड्याच्या वाटेवर दोन नाले पडायचे. पावसाळ्यात नाल्याचं पाणी चाकात शिरलं की पुढचा अर्धा मैल ब्रेक लागायचाच नाही. गेल्या पावसाळ्यात नाला ओलांडल्यावर बाजारातल्या एका म्हातारीच्या टोपलीवर चाक गेलं होतं. टोपली गेली, म्हातारी थोडक्यात वाचली.

"माझा भाचा म्हणतो, गाडी विकून टाक आणि घरी बस," बाई म्हणाल्या. "या पावसाळ्याआधी ब्रेक भरवशाचे झाले नाहीत तर मीही तेच करणार आहे. मला कोणाला मारायचं नाही. पण मी गेले नाही तर तिथे दुसरं कोणी जात नाही, डोमाजी."

मिस्त्री गाडीभोवती फिरले. खाली वाकून चाकांकडे पाहिलं. मग म्हणाले, "लायनिंगनं हे होत नाही जी. डब्यात पाणी शिरणारच. डबाच काढला पाहिजे."

मला तेव्हा काही कळलं नाही. मग त्यांनी जमिनीवर खडूने काढून दाखवलं. ड्रम म्हणजे चाकातला लोखंडी डबा. पॅडल दाबलं की आतले दोन शू पसरतात आणि डब्याला आतून घासतात. आत पाणी असलं की घसरतात. नव्या परदेशी गाड्यांना डब्याऐवजी डिस्क येऊ लागली होती. मिस्त्री तिला थाळी म्हणायचे. थाळी चाकाबरोबर उघड्यावर फिरते, आणि पॅडल दाबलं की एक चिमटा तिला दोन्ही बाजूंनी धरतो. पाणी लागलं तरी फिरता फिरता उडून जातं. कामठी रोडच्या भंगारात एक ठोकलेली परदेशी गाडी मिस्त्रींनी पाहून ठेवली होती. तिच्या पुढच्या थाळ्या शाबूत होत्या.

"तुम्ही हे कधी केलंय?" बाईंनी विचारलं.

"नाही जी. नागपुरात कोणं केलं असन असं वाटत नाही."

"मग?"

"पावसाच्या आत करून देतो."

सव्वा महिना शेडमध्ये दुसरी गाडी घेतली नाही. भंगारातून थाळ्या आल्या, चिमटे आले, पाय हलका पडावा म्हणून इंजिनाच्या ओढीवर चालणारा एक डबा आला. जुन्या गाडीला त्यातलं काहीच नीट बसेना. मिस्त्री पुठ्ठ्याचे नमुने कापायचे, पुठ्ठा बसला की मग लेथवाल्याकडून चिमटा धरायला जाड पत्र्याची पकड करून आणायचे. पहिली पकड दोन सूत चुकली, दुसरी बरोबर बसली. मग चाक चढेना, रिम चिमट्याला घासत होती. दुसऱ्या रिम शोधल्या. मागच्या चाकांचे ड्रम तसेच ठेवायचे ठरले. मी मागचे चार शू करून दिले आणि मनात असलेलं एकदाचं विचारलं.

"मिस्त्रीजी, थाळीले लायनिंगचं काम नाही. सगळ्या गाड्याइले थाळ्या लागल्या तर मी काय करीन?"

त्यांनी मान वर केली. मी एवढं लांब वाक्य त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलले असेन.

"मागची चाकं आहेत ना वं अजून," ते म्हणाले. "अन् चिमट्याचे रबर बदलणं मी तुलेच शिकवून राहिलो. काल काय दाखवलं मंग?"

गाडी पूर्ण झाली तेव्हा पाऊस तीन-साडेतीन आठवड्यांवर होता. डोंगर उतरताना ब्रेक तपासायचे म्हणून मिस्त्रींनी पहिली फेरी रामटेकची ठरवली. पार्बताबाईने भाकरी बांधून घेतल्या. मला मागे बसवलं, कारण मी कधी रामटेक पाहिलं नव्हतं.

"रामटेकले जाऊन देवळात न जाणारे आपणच," पार्बताबाई म्हणाली. "सगळा गाव देव पाहाले जाते. आमचा हा डोंगराचा उतार पाहाले जाते."

धम्माची दीक्षा घेतल्यापासून आमच्याकडे कोणी देवळात जात नव्हतं. मिस्त्री म्हणाले, "उतारही पाहण्यासारखा हाय."

मनसरच्या पुढे जळका वास येऊ लागला. मिस्त्री म्हणाले, चिमट्यातले पॅड नवे आहेत, घासून बसेपर्यंत वास येईल. डोंगरावर पोचलो, भाकरी खाल्ल्या. मी चाकाजवळून गेले तर गरम वाफ पायाला लागली. मला सांगावंसं वाटलं. पण मी कोण सांगणारी, असं म्हणून गप्प राहिले. ते अजूनही मला लागतं.

उतरताना पहिलं वळण नीट गेलं. दुसऱ्या वळणावर मिस्त्रींचा पाय पॅडलसकट खाली गेला आणि गाडी तशीच चालत राहिली. त्यांनी पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. पार्बताबाई म्हणाली, "अहो?" त्यांनी हँडब्रेक ओढला, गियर खाली टाकला. गाडी हळू झाली, पण थांबेना. पुढे रस्त्याच्या कामाचा मुरूम टाकलेला होता. त्या ढिगात त्यांनी गाडी घातली. मोठा आवाज झाला. ढिगाच्या आत दगड होता.

पार्बताबाईच्या कपाळाला टेंगूळ आलं. मला काही झालं नाही. गाडीचा एक गोल डोळा फुटला, मडगार्ड चेपलं, रेडिएटरमधून पाणी गळू लागलं.

मिस्त्री आधी बायकोचं कपाळ पाहून आले. मग जॅक काढला आणि पुढचं चाक उचललं.

"शांते, चाक फिरवून पाह्य."

मी जोर लावला. "नाही फिरत जी."

पॅडलवर कोणाचा पाय नव्हता, तरी चाक आवळलेलं. मिस्त्रींनी चिमट्याच्या मागचा हवा काढायचा बारीक स्क्रू सैल केला. ब्रेकचं तेल फस्सकन बाहेर उडालं.

"आता?"

चाक माझ्या एका बोटाने फिरलं.

ते तिथेच मुरमावर बसले. म्हणाले, "मीच घातला वं."

मग सांगितलं. ड्रमच्या गाडीत पॅडलखालच्या, तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी एक छोटा रबरी व्हॉल्व्ह असतो. पाय उचलल्यावरही तो नळीत थोडा दाब धरून ठेवतो, म्हणजे हवा शिरत नाही. ड्रमच्या शूला मागे ओढायला स्प्रिंगा असतात, तिथे एवढ्या दाबाने काही होत नाही. थाळीच्या चिमट्याला स्प्रिंग नसते. तो सारखा थाळीला धरून राहिला, घासत राहिला, तापला, आणि तेल उकळून त्याची वाफ झाली. वाफ दबते, म्हणून पाय नुसताच खाली गेला. आजवर त्यांनी जेवढ्या गाड्या केल्या तेवढ्यांत हा व्हॉल्व्ह जुना काढून नवा टाकला होता. ह्या गाडीतही टाकला. जुना चालला असता तरी नवा टाकला, काळजीने.

"बाईले काय सांगसान?" पार्बताबाईने विचारलं. ती टेंगळावर ओला पदर धरून उभी होती. "भंगारातलं सामान होतं, फुटलं म्हणा. कोणाले समजते?"

"सामान चांगलं होतं," मिस्त्री म्हणाले. "मिस्त्री जुना होता."

ट्रकच्या मागे बांधून गाडी आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं धंतोलीला गेलो. मी फाटकाशी थांबले होते, बाईंनी आत बोलावलं. त्यांनी गाडीचं विचारलंच नाही. पार्बताबाईला खुर्चीवर बसवलं, कपाळ पाहिलं, डोळ्यांत बॅटरी मारली. मग मिस्त्रींनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. व्हॉल्व्हचंसुद्धा. काही लपवलं नाही.

बाई म्हणाल्या, "म्हणजे थाळ्यांचा दोष नाही."

"नाही जी. माहा."

"आता तुम्हाला कळलं काय चुकलं ते?"

"हाव."

"डोमाजी, माझ्या हातून औषध चुकलं तर दुसऱ्या दिवशी बरोबर औषध कोणी द्यायचं? मीच ना? करा परत. पाऊस यायला तीन आठवडे आहेत."

मिस्त्री खाली पाहत राहिले. रेडिएटर, मडगार्ड, दिवा, ट्रकचं भाडं, सगळं मिळून अकराशे चाळीस रुपये लागणार होते आणि सव्वा महिना एकच गाडी केल्याने त्यांच्याजवळ काही नव्हतं. बाईंनी पैसे दिले. मिस्त्री म्हणाले, "हे उसने." बाई म्हणाल्या, "बघू." ते पुन्हा म्हणाले, "बघू नाही जी. उसने."

या वेळी काम आठ दिवसांत झालं. सिलिंडरमधला व्हॉल्व्ह काढला. पण मागच्या ड्रमना तो हवाच होता, म्हणून लेथवाल्याकडून पितळेची सुपारीएवढी डबी करवून आणली आणि व्हॉल्व्ह तिच्यात घालून फक्त मागे जाणाऱ्या नळीत बसवला. लेथवाला म्हणाला, "ये कहाँ देखा, मिस्त्री?" मिस्त्री म्हणाले, "मुरूम के ढेर पर."

पहिल्या मोठ्या पावसानंतर नाला भरला तेव्हा गाडी तिकडे नेली. नियमाप्रमाणे बाई गाडीत न बसता एसटीने आल्या. पार्बताबाई धुतलेलं लुगडं नेसून तयार होती. कपाळावरचा डाग अजून पिवळा होता.

"तू नको येऊ या खेपेले," मिस्त्री म्हणाले.

"मंग बाजूले कोण बसन? तुमचा तो व्हॉल्व्ह?"

ती पुढे बसलीच. नाल्याशी पोचल्यावर डॉक्टरीणबाई आणि मी अलीकडे छत्रीखाली उभ्या राहिलो. गाडी पाण्यात उतरली, चाकं अर्धी बुडाली, पलीकडे चढली. चढल्या चढल्या मिस्त्रींनी ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. सरळ, इकडेतिकडे न ओढता. ते वळून परत पाण्यात आले, पुन्हा थांबवली. तिसऱ्यांदाही, आणि चौथ्यांदा आमच्या काठावर येऊन. मग उतरून प्रत्येक चाकाला हात लावून पाहिला. मला म्हणाले, "तूही लाव." मी लावला. थंड होतं.

किल्ली त्यांनी बाईंच्या हातात दिली. बाई गाडीत बसल्या आणि थेट दवाखान्याला निघून गेल्या. त्या दिवशी वार होता ना त्यांचा. आम्ही तिघं एसटीने परत आलो. मिस्त्री खिडकीशी बसून वाटेतल्या प्रत्येक गाडीच्या चाकाकडे पाहत होते.

त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मिस्त्री मला पाकीट देऊन धंतोलीला पाठवायचे. कधी चाळीस, कधी पन्नास, पोळ्याच्या महिन्यात पंचवीस. पहिल्यांदा बाईंनी घेतलं नाही. मी परत आणलं, तर मिस्त्रींनी लगेच उलट पाठवलं. दुसऱ्यांदा बाई म्हणाल्या, "त्यांना सांग, मला नको." मी नुसती उभी राहिले. त्या आत गेल्या, पेशंट तपासून आल्या, मी तिथेच. शेवटी त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, "तुझ्याशी भांडताही येत नाही." पाकीट त्या न उघडताच कपाटात टाकायच्या. मिस्त्री विचारायचे, "मोजले?" मी नाही म्हटलं की त्यांचा चेहरा उतरायचा.

दोन वर्षं गेली. बाईंची गाडी पावसाळ्यात नाला ओलांडत राहिली. आणखी चार-पाच गाड्यांना आम्ही थाळ्या बसवल्या, आणि चिमट्यांचं सगळं काम माझ्याकडे आलं. माझा नवरा बरा होऊन घरी आला. मिस्त्रींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मुलाने त्यांना खापरखेड्याला बोलावलं. त्यांनी शेडची किल्ली मला दिली आणि भाडं मालकाशी बोलून ठेवलं. मी म्हटलं, मला गिऱ्हाइकांशी बोलता येणार नाही. ते म्हणाले, "दरवाजावर लिहिलं हाय ना, काय काम होते ते. आणखी काय बोलायचं?"

जायच्या आदल्या दिवशी पाकीट माझ्या हातात दिलं नाही. स्वतः धंतोलीला आले. नवा सदरा, हातात काठी. मी बरोबर होते. पार्बताबाई सामान बांधत होती म्हणून आली नाही.

बाई व्हरांड्यात बसल्या होत्या. मिस्त्री पायरी चढले, पाकीट दोन्ही हातांनी पुढे केलं.

"शेवटचे हायेत जी. मोजून घ्या."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग उठून आत गेल्या आणि जुनी सगळी पाकिटं घेऊन आल्या. एकही उघडलं नव्हतं. टेबलावर बसून त्यांनी एकेक फाडलं, नोटा सरळ केल्या आणि मोठ्याने मोजायला सुरुवात केली. मिस्त्रींना नीट दिसत नव्हतं, ते कान देऊन ऐकत उभे होते. मध्ये एक पेशंट आला, त्याला बाईंनी थांबायला सांगितलं. मोजणं संपायला बराच वेळ लागला.

"अकराशे बेचाळीस," बाई म्हणाल्या. "दोन जास्त आहेत, डोमाजी."

त्यांनी दोनची नोट काढून मिस्त्रींच्या हातावर ठेवली. मिस्त्रींनी ती बोटांनी चाचपली, घडी घालून सदऱ्याच्या खिशात टाकली.

"आता फिटले?"

"पूर्ण फिटले," बाई म्हणाल्या.